आधी नस की आधी गाठ: महाधमनीचा फुगा आणि आतड्याचा कर्करोग एकाच पोटात

ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम तसाच ठेवला आहे. मी पोटाच्या शस्त्रक्रिया करणारा सर्जन, त्यामुळे हे प्रकरण माझ्या बाजूने सांगितलेले आहे. व्हॅस्क्युलरच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जन असलेल्या मॅडमनी लिहिले असते तर काही ठिकाणी जोर वेगळा पडला असता.

पार्श्वभूमी

रुग्ण ७१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले चालक. सातारा जिल्ह्यातले गाव, दीड एकर ऊस, चाळीस वर्षांची बिडी. वॉर्डात सगळे त्यांना काका म्हणायचे, घरात ते आण्णा.

तक्रार एकच होती, दम लागतो. आधी उसाच्या सरीतून दोन फेऱ्या व्हायच्या, आता बांधावरच बसावे लागे. गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७.२, लोह तळाला गेलेले. सत्तरीच्या पुरुषाचे रक्त लोहाअभावी कमी झाले, की ते आतड्यातून झिरपते आहे असे धरूनच चालावे लागते. त्या डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या देऊन परत पाठवले नाही, दुर्बिणीच्या तपासणीला धाडले. मोठे आतडे उजवीकडून यकृताखाली वळते त्या कोपऱ्यात गाठ सापडली. तुकड्याचा रिपोर्ट कर्करोगाचा आला. शेजारच्या शहरात सीटी स्कॅन झाला, यकृत आणि फुप्फुसे स्वच्छ होती, ऑपरेशनची तारीखही ठरली.

आदल्या रात्री तिथल्या भूलतज्ज्ञांनी फाईल चाळली. सीटी रिपोर्टच्या शेवटी जो ठळक निष्कर्ष असतो, त्यात फक्त आतड्याची गाठ होती. त्यांनी मात्र वरचे वर्णनही वाचले. मधल्या एका ओळीत, मूत्रपिंडातल्या खड्याच्या अगदी आधी, लिहिले होते: मूत्रपिंडाच्या धमन्यांखाली महाधमनी ६.१ सेंमी फुगलेली, भिंतीला आतून रक्ताच्या गुठळीचा थर. ऑपरेशन थांबले आणि काका आमच्याकडे पुण्याला आले.

पहिल्या दिवशी मी पोटाला हात लावला. अंगाने वाळलेला माणूस, बेंबीच्या वर धडधड नुसत्या डोळ्यांनीही दिसत होती. विचारले तर म्हणाले, "ते व्हय? ते दोन वर्सं झाली उडतंय. झोपून पेपर वाचताना पोटावर पेपर ठिवला की हलतोय." त्याआधी किमान तीन डॉक्टरांनी त्यांना तपासले होते. पोटावर हात किती जणांनी ठेवला होता, हे मी विचारले नाही.

अडचण

महाधमनीची रुंदी पोटात साधारण २ सेंमी असते. ३ च्या पुढे गेली की तिला अॅन्युरिझम म्हणतात. पुरुषांत ५.५ सेंमीपर्यंत लक्ष ठेवून थांबता येते, हे ब्रिटन आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले. ब्रिटनची १९९८ मध्ये, अमेरिकेची २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या सीमेपुढे फुटण्याचा धोका झपाट्याने वाढतो. ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकली नाही अशा अमेरिकेतल्या रुग्णांच्या पाहणीत ६ ते ७ सेंमीच्या फुग्याला वर्षभरात फुटण्याचा धोका साधारण शेकडा १० निघाला, ७ च्या पुढे शेकडा ३० च्या वर. फुटल्यावर बहुतेक रुग्ण टेबलापर्यंत पोहोचतच नाहीत.

कर्करोगाचे घड्याळ वेगळे चालते. दोन-चार आठवड्यांनी फारसे बिघडत नाही, दोन-चार महिन्यांनी बिघडू शकते. काकांची गाठ रोज रक्त गाळत होती, आणि दुर्बीण तिथून पुढे जेमतेम सरकली होती. ती जागा पूर्ण बंद झाली असती तर आमच्या हातातला निवडीचा प्रश्नच संपला असता.

इथवर सगळे पुस्तकात आहे. ज्या आजाराने आधी मरण येईल त्याला आधी हात घालायचा, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. नियम चुकीचा नाही, पण अपुरा आहे. दोन्ही आजारांचे रक्त एकाच नळातून येते, आणि एका शस्त्रक्रियेत आपण जे बंद करतो त्यावर दुसऱ्या शस्त्रक्रियेत काय कापता येईल ते ठरते.

मोठ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या वाटा तीन. वरची मेसेंटेरिक धमनी, म्हणजे एसएमए, उजवी बाजू आणि आडवे आतडे सांभाळते. तिची मिडल कॉलिक ही फांदी आडव्या आतड्याच्या मधोमध उतरते. खालची मेसेंटेरिक धमनी, म्हणजे आयएमए, डावी बाजू सांभाळते. आणि खाली ओटीपोटात दोन्हीकडच्या इंटर्नल इलिअॅक धमन्या गुदाशयाकडून थोडे रक्त वर चढवतात. आतड्याच्या कडेने जाणारी मार्जिनल धमनी या सगळ्यांना जोडते.

आता अडचण पाहा. फुगा दुरुस्त करताना, उघडून करा किंवा आतून नळी बसवून, आयएमएचे तोंड बहुधा बंदच होते. मग डावे आतडे एसएमएच्या रक्तावर जगते, आणि ते रक्त मिडल कॉलिकमधून येते. काकांची गाठ नेमकी त्या कोपऱ्यात होती, जिथे कर्करोगाची शस्त्रक्रिया नीट करायची तर मिडल कॉलिकची किमान उजवी फांदी, आणि कर्करोग वरच्या लसीकाग्रंथींपर्यंत गेला असेल तर तिचे खोडसुद्धा, कापावे लागते. भरीला उजव्या पायाकडे जाणारी फांदी, म्हणजे उजवी कॉमन इलिअॅक धमनी २.४ सेंमी फुगलेली. तिथे नळी खालपर्यंत न्यायची म्हटली तर उजवी इंटर्नल इलिअॅकही बंद होणार. तिन्ही वाटांवर एकाच माणसाच्या पोटात दोन सर्जन आपापल्या कामासाठी डोळा ठेवून होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला, आधी आतडे काढायचे आणि फुग्याकडे नंतर बघायचे. सर्वांत स्वस्त, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत सहज बसणारा. पण पोट उघडून दुसरेच काही केल्यावर पुढच्या काही दिवसांत न हात लावलेला फुगा फुटल्याच्या नोंदी आहेत. १९८० पासून यावर लिहिले गेले आहे. जखम भरताना शरीर कोलॅजेन मोडते आणि आधीच विरलेली धमनीची भिंत आणखी विरते, असा एक तर्क आहे. तर्क सिद्ध झाला आहे असे मी म्हणणार नाही. पण ६.१ सेंमीचा फुगा घेऊन शस्त्रक्रिया, त्यानंतरचा रक्तदाबाचा चढउतार आणि वर तीन महिने केमोथेरपी, हे कुणालाच पटले नाही.

दुसरा, फुग्याची उघडी शस्त्रक्रिया आधी. १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल द्युबोस्त यांनी पोटातला असा फुगा काढून तिथे दात्याची धमनी जोडली, तेव्हापासूनचा हा रस्ता. टिकाऊ आहे. पण ७१ वर्षांचा रक्त कमी असलेला माणूस त्यातून उभा राहायला दीड-दोन महिने लागतील, पोटात चिकटे होतील, आणि तेवढा वेळ गाठ तशीच राहील.

तिसरा, दोन्ही एकाच बैठकीत, पोट उघडून. काही केंद्रे निवडक रुग्णांत करतात. पण उघडलेल्या आतड्याशेजारी कापडी ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम धमनी, शिवायचा. महाधमनीच्या ग्राफ्टला जंतुसंसर्ग एरवी शेकडा एक-दोन रुग्णांतच होतो, पण होतो तेव्हा ग्राफ्ट काढावा लागतो आणि त्यात माणूस वाचेलच असे नाही. आमच्या खोलीत हा पर्याय दोन मिनिटांत मागे पडला.

चौथा, आधी ईव्हार, म्हणजे जांघेतून धमनीत शिरून आत नळी बसवायची, मग दोन-तीन आठवड्यांनी आतडे. १९९० मध्ये ब्युनोस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी हे पहिल्यांदा पोटातल्या महाधमनीत केले, आणि अशा जोडआजारांचे गणितच बदलले. पोट उघडावे लागत नाही, चार-पाच दिवसांत माणूस चालू लागतो.

पाचवा, ईव्हार आणि आतडे एकाच भुलेत. मॅडमचा कल सुरुवातीला इकडे होता: एकच भूल, एकदाच भरती, रुग्ण मध्ये घरी पळून जाण्याची भीती नाही. मला भीती वेगळी होती. आयएमए बंद झाल्यावर डावे आतडे किती तग धरते हे कळायला थोडे दिवस हवेत. ते बघण्याआधी मिडल कॉलिकला हात लावायची माझी तयारी नव्हती.

सहावा पर्याय काकांचा स्वतःचा होता: रक्त चढवा आणि घरी सोडा. तो आम्ही तेव्हा पुरेसा गांभीर्याने ऐकला नाही. का, ते पुढे येईल.

पहिला निर्णय: कोणती नळी

चौथा पर्याय ठरला. मूत्रपिंडाखाली निरोगी धमनीची मान २२ मिमी लांबीची मिळत होती, म्हणजे नळी धरायला जागा होती. मॅडमच्या पहिल्या आराखड्यात उजव्या इंटर्नल इलिअॅकमध्ये कॉइल, म्हणजे धमनी बंद करणारी बारीक तारेची गुंडाळी, टाकून नळी तिच्या पुढे न्यायची होती. कागदावर ते सर्वांत पक्के. मी योगायोगाने कॅथलॅबमध्ये दुसऱ्याच कामाला गेलो होतो, भिंतीवर तो आराखडा पाहिला आणि तिथेच उभ्या-उभ्या वाद झाला. एक्स-रेच्या पाकिटामागे मी आतड्याच्या तीन वाटा काढल्या. मॅडम थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग तू मिडल कॉलिक किती कापणार ते आत्ता लिहून दे."

लिहून देता येईना. ते पोटात शिरल्यावरच कळणार होते. मग उलटे ठरले: मला नंतर मोकळीक हवी, तर आधी त्यांनी जास्तीत जास्त वाटा उघड्या ठेवायच्या. खालचे तोंड घंटेसारखे रुंद असलेली नळी मागवली, म्हणजे २.४ सेंमीच्या इलिअॅकमध्येच ती घट्ट बसेल आणि इंटर्नल इलिअॅक चालू राहील. पुढे कधीतरी तीच जागा आणखी फुगू शकते, हे माहीत असून त्यांनी ते मान्य केले. त्यांच्या दृष्टीने दुरुस्ती थोडी कच्ची झाली. हा त्याग माझ्या शस्त्रक्रियेसाठी होता, हे इथे नोंदवायला हवे.

नळीचे पैसे हा वेगळाच अध्याय. मुलाने पतसंस्थेतून कर्ज काढले, बाकीचे आमच्या समाजसेविका बाईंनी दोन ट्रस्टकडून उभे केले. त्यात नऊ दिवस गेले. त्या काळात शिरेतून लोह दिले, दोन पिशव्या रक्त चढवले, बिडी सुटली.

ईव्हार, आणि ताप

कमरेखालची भूल, ७० मिली कॉन्ट्रास्ट (धमन्या दिसाव्यात म्हणून सोडायचा रंग), दोन तासांत काम संपले. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आधी १.३ होते, नंतर १.४. दुसऱ्या दिवशी काका वॉर्डात फेऱ्या मारत होते.

दुसऱ्याच रात्री ताप आला, १०१.५. पांढऱ्या पेशी १६ हजार, शरीरातली सूज दाखवणारा सीआरपी चढलेला. नवी कापडी नळी, शेजारी जंतूंनी भरलेली गाठ, आणि ताप. मला घाम फुटला. अँटिबायोटिक वाढवले, रक्ताचे कल्चर पाठवले, आतड्याची तारीख पुढे ढकलायची चर्चा सुरू झाली. मॅडम शांत होत्या. नळी बसवल्यावर शरीर असे प्रत्युत्तर देते, पॉलिएस्टरच्या कापडाला जास्तच, आणि त्यात जंतू नसतात. कल्चर कोरे आले, पाचव्या दिवशी ताप गेला. मी हे पुस्तकात वाचले होते, पण माझ्या रुग्णात पाहिले नव्हते. ते चार दिवस माझ्या अज्ञानाचे होते.

"निस्तं डायव्हरला म्हाईत न्हाई"

सहाव्या दिवशी सकाळी राऊंडला गेलो तर काका पिशवी भरून बसलेले. "साहेब, नसंचं झालं न्हवं? मग आता सोडा. तोडीला टोळी आलीया. ऊस उभा राहिला तर वाळून जाईल."

मुलगा खिडकीकडे बघत राहिला. मला तेव्हा कळले की आपण काय करून ठेवले आहे.

पहिल्या दिवशी मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "सर, आण्णांना कॅन्सर म्हणू नका. आतड्याला सूज आहे म्हणा. खचतील." हे आपल्याकडे रोजचे आहे. मी स्पष्ट होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही. शस्त्रक्रिया एकच असती तर हे कदाचित खपून गेले असते. दोन टप्प्यांची योजना मात्र रुग्णाच्या साथीशिवाय चालतच नाही. पहिल्या टप्प्यानंतर त्याला बरे वाटते, आणि दुसऱ्यासाठी त्याच्याकडे काही कारणच नसते. शिवाय फुग्याबद्दल बोलताना मी "पोटात बॉम्ब आहे" असे म्हणून बसलो होतो. बॉम्ब निकामी झाला होता. आता सूज कापायला कोण थांबेल?

मी खुर्ची ओढून बसलो आणि सगळे सांगितले. कर्करोग हा शब्द वापरला. ते बराच वेळ गप्प होते. मग मुलाकडे न बघता म्हणाले, "गाडीचं ब्रेक गेल्यात हे मेक्यानिकला म्हाईत, कंडक्टरला म्हाईत, निस्तं डायव्हरला म्हाईत न्हाई. आसं असतंय व्हय?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी विचार करायला एक दिवस मागितला, तो दिला. संध्याकाळी त्यांच्या पत्नीने निरोप आणला की टोळीचे चुलतभाऊ बघतील, आण्णा थांबतायत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला प्रश्न विचारायला बोलावले. मी पुन्हा पाकिटामागचे ते चित्र काढले. तीन वाटा, एक बंद केली, दुसरीला आता हात लावायचा आहे. त्यांनी बोट ठेवून पाहिले. "म्हंजे पाटाचं पानी तोडायच्या आधी हिरीचं येतंय का ते बघायचं."

नेमके तेच करायचे होते.

गळती कामाला आली

नवव्या दिवशी सीटी अँजिओग्राफी केली. क्रिएटिनिन बघता पुन्हा कॉन्ट्रास्ट द्यायचा की नाही यावर मतभेद झाले. सलाईन चालू ठेवून दिला. नळी जागेवर होती, वरखाली घट्ट. पण फुग्याच्या पोकळीत थोडा रंग दिसत होता. टाइप दोनची गळती: आयएमएचे तोंड नळीमागे गेलेले, पण तिच्यातून रक्त उलट्या दिशेने फुग्यात येत होते.

मॅडमच्या दृष्टीने ही लक्ष ठेवण्याजोगी बाब. माझ्या दृष्टीने ती त्या आठवड्यातली सर्वांत चांगली बातमी होती. ते रक्त मिडल कॉलिकमधून मार्जिनल धमनीत, तिथून डाव्या आतड्यात आणि तिथून आयएमएमध्ये आले होते. म्हणजे विहिरीचे पाणी येत होते. त्याचबरोबर तोच स्कॅन सांगत होता की डाव्या आतड्याला मिळणारे रक्त मुख्यतः मिडल कॉलिकचे आहे. खोड कापले असते तर गळती कदाचित थांबली असती, आणि आतडेही.

शस्त्रक्रिया

ईव्हारनंतर १७व्या दिवशी, पोटाला छोटी छिद्रे पाडून, दुर्बिणीने. आदल्या संध्याकाळी आतडे साफ करून तोंडावाटे अँटिबायोटिक दिले, म्हणजे जंतूंचा भार कमी. पोटातला गॅसचा दाब नेहमीपेक्षा कमी, १० वर ठेवला, आणि भूलतज्ज्ञांना सांगितले की रक्तदाब पडू द्यायचा नाही. जोडवाटेने येणारे रक्त दाबावरच चालते.

गाठ अपेक्षेप्रमाणे होती. अपेक्षेप्रमाणे नव्हते ते एवढेच, की मिडल कॉलिकच्या खोडालगत दोन लसीकाग्रंथी मोठ्या दिसल्या. कर्करोगाच्या शिस्तीने खोड मुळाशी कापून त्या एकसंध काढायच्या. माझ्या सहकाऱ्याचा तोच आग्रह होता, आणि तो चूक नव्हता.

कापण्याआधी खोडावर बुलडॉग क्लॅम्प, म्हणजे रक्त तात्पुरते थांबवणारा छोटा चिमटा, लावला आणि घड्याळ लावले. कॅमेरा डावीकडे, सिग्मॉइडवर, म्हणजे डाव्या आतड्याच्या खालच्या वळणावर. पहिली तीन मिनिटे काही नाही. पाचव्या मिनिटाला आतड्याची चमक कमी झाली, ओले कापड सुकताना दिसते तशी. सहाव्या-सातव्या मिनिटाला कडेच्या बारीक धमन्यांची उडी थांबली आणि रंग करडा झाला. आठव्या मिनिटाला क्लॅम्प काढला. रंग परतायला दीड मिनिट लागले. ते दीड मिनिट ऑपरेशन थिएटरात कुणी बोलले नाही.

मग क्लॅम्प फक्त उजव्या फांदीवर लावून दहा मिनिटे थांबलो. सिग्मॉइड गुलाबीच राहिले. उजवी फांदी मुळाशी कापली, खोड आणि डावी फांदी ठेवली, आणि त्या दोन ग्रंथी धमनीच्या आवरणासकट खोडावरून सोलून काढल्या. वेळखाऊ काम, त्यालाच पाऊण तास लागला. आडव्या आतड्याच्या कापलेल्या कडेतून लालभडक रक्त उडताना पाहिले, तेव्हाच जोड केला.

दुसरी रात्र

शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री साडेबाराला रेसिडेंटचा फोन आला. काकांना डावीकडे पोट दुखतेय, पातळ शौच झाले, त्यात लालसर पाणी, आणि रक्त कमी पडले की वाढणारे लॅक्टेट २.९. डावे आतडे काळे पडत असेल तर सुरुवात अशीच होते. उजवे आतडे काढल्यावर सुरुवातीच्या शौचात जोडातले थोडे रक्त येते आणि पातळ होते, तीही सुरुवात अशीच. फोनवरून फरक करता येत नाही.

दीड वाजता पलंगाशेजारीच गुदद्वारातून छोटी दुर्बीण घालून तपासले. ४० सेंमीपर्यंत आतडे गुलाबी, दोन ठिकाणी फिकट चट्टे, काळे कुठेच नाही. लघवी कमी झाली होती, म्हणजे पाणी कमी पडले होते. सलाईन वाढवले, रक्तदाब जपला, पहाटे पाचला लॅक्टेट १.६. सातव्या दिवशी काका घरी गेले.

परिणाम

पॅथॉलॉजीत गाठ भिंतीपार गेलेली पण कडा स्वच्छ, २३ पैकी २ ग्रंथींत कर्करोग, दोन्ही आतड्याजवळच्या. खोडावरच्या त्या दोन मोठ्या ग्रंथी नुसत्या सुजलेल्या निघाल्या. खोड वाचवले ते बरे झाले असे आता म्हणणे सोपे आहे. त्यांत कर्करोग निघाला असता तरी मी तेच केले असते का? बहुधा हो, कारण डावे आतडेही काढायचे म्हणजे काकांना पोटावर कायमची पिशवी आली असती. पण ही खात्री नाही.

सहाव्या आठवड्यात केमोथेरपी सुरू झाली, कॅपॉक्सच्या चार फेऱ्या, तीन महिने. जानेवारीत त्यातले ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध म्हणजे थंड पाण्याचा स्पर्शही विजेसारखा झोंबतो. माठ बंद, पहाटे शेतात पाणी द्यायला जाणे बंद. केमोवाल्या डॉक्टरांशी एक गोष्ट आधीच बोलून ठेवली: पुढे कधी आजार उलटला तर बेव्हॅसिझुमॅबसारखी रक्तवाहिन्यांवर काम करणारी औषधे देण्याआधी व्हॅस्क्युलरला विचारायचे, कारण त्या गटातल्या औषधांवर धमनी फुगण्या-चिरण्याचा इशारा आहे.

सहा महिन्यांनी फुगा ५.८, गळती बारीक. वर्षाने ५.५, गळती दिसली नाही. कर्करोगाचा पुरावा नाही.

वेगळे काय करता आले असते

नळी मागवण्याआधी दोन्ही सर्जन एका खोलीत बसायला हवे होते. मी त्या दिवशी कॅथलॅबमध्ये गेलो नसतो तर उजवी इंटर्नल इलिअॅक कॉइलने बंद झाली असती, आणि त्या दुसऱ्या रात्रीचा शेवट कदाचित वेगळा झाला असता. आता आमच्याकडे असा रुग्ण आला की पहिल्या भेटीतच कागदावर तिन्ही वाटा लिहून प्रत्येकीपुढे कोण बंद करणार, कोण राखणार हे भरतो.

एकाच भुलेत दोन्ही करण्याबद्दल मॅडमचे आणि माझे अजून एकमत नाही. त्या म्हणतात, क्लॅम्पची परीक्षा तेव्हाही करता आली असती. बरोबर आहे. पण नळी बसल्याबसल्या जोडवाटा किती रुंदावल्या असत्या, आणि तेव्हा उजवी फांदी कापूनही सिग्मॉइड गुलाबी राहिले असते का, याचे उत्तर दोघांकडेही नाही. गाठ डावीकडे असती तर हिशेब पूर्ण उलटा झाला असता. सिग्मॉइडच्या कर्करोगात आयएमए तसेही कापायचेच असते, तिथे जपायच्या त्या मिडल कॉलिक आणि इंटर्नल इलिअॅक.

निदान लपवण्याबाबत मी आता नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगतो की मी स्वतःहून शब्द लादणार नाही, पण रुग्णाने विचारले तर खोटे बोलणार नाही, आणि दोन ऑपरेशने असतील तर दोन्हींचे कारण सांगणारच. काही घरे रागावतात. एक रुग्ण त्यामुळे दुसरीकडे गेला. बॉम्ब हा शब्द मी सोडला आहे.

एक गोष्ट मात्र नंतरही चुकली. काकांना आता आयुष्यभर दोन कारणांसाठी स्कॅन लागणार: एक गाठ परतली का बघायला, एक फुगा आणि गळती बघायला. दोन्ही एकाच सीटीत होते, फक्त मागणीच्या फॉर्मवर धमनीच्या टप्प्याचे आणि उशिराचे फोटो वेगळे मागावे लागतात. दीड वर्षाच्या तपासणीचा फॉर्म मी भरला आणि त्यावर नुसते "कोलन कर्करोग, फॉलोअप" लिहिले. यकृत छान दिसले, गळतीचे काही कळले नाही. काकांना पुन्हा बोलवावे लागले. मुलगा रजा काढून घेऊन आला. मी फॉर्म दुसऱ्यांदा भरत असताना काका शेजारी उभे राहून बघत होते. "समदं लिवलं का बघा," म्हणाले, "पेट्रोल भरताना कावा-कावा टोपण टपावरच ऱ्हातंय."